रातपाळीवाल्यांची झोप: साधा थकवा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

शॉपफ्लोअर (धागाकर्ता)

प्रेस शॉप आणि पेंट शॉपमधल्या तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरांसाठी मराठीत एक पान तयार करायचं आहे. नोटीस बोर्डवर लागेल आणि घरीही नेता येईल असं. पाळ्या ७ ते ३.३०, ३.३० ते १२ आणि १२ ते ७. पाळी दर आठवड्याला बदलते, सुट्टी गुरुवारी.

बाजारात मिळणारी पत्रकं "पुरेशी झोप घ्या, चहा कमी प्या" याच्या पुढे जात नाहीत. दुपारी दोनला पत्र्याखाली घामानं जागा होणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, नुसती झोप कमी पडते आहे की डॉक्टरकडे जायची वेळ आली आहे, हे त्याला स्वतःला कसं ओळखता येईल? दोन, आठवड्याला बदलणाऱ्या पाळीत नेमकं काय, किती वाजता करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

निद्राकक्ष

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. "रातपाळीनं झोप बिघडली" या एका वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

पहिली: झोपायला वेळच मिळत नाही. सकाळी साडेआठला घरी, मुलाला शाळेत सोडणं, बँक, किराणा, अकराला अंथरूण, दोनला उठणं. अशा माणसाला आडवं होताच पाच मिनिटांत झोप लागते. हा आजार नाही. ही उधारी आहे आणि ती झोपूनच फिटते.

दुसरी: वेळ आहे, खोली अंधारी आहे, माणूस थकलेला आहे, तरी झोप लागत नाही किंवा दोन-तीन तासांत तुटते, आणि रात्री कामावर डोळे मिटतात. शरीराचं घड्याळ आणि पाळीचं घड्याळ उलट चालतंय. याला पाळीजन्य निद्राविकार म्हणतात. निदानासाठी त्रास किमान ३ महिने असावा लागतो, तो पाळीच्या वेळापत्रकाशी जुळावा लागतो आणि कमीत कमी १४ दिवसांची नोंद लागते. त्या १४ दिवसांत कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस हवेत.

तिसरी: पाळीचा संबंध नसलेला आजार, जो पाळीमुळे झाकला जातो. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं: हा स्लीप ॲप्निया असू शकतो. संध्याकाळी किंवा आडवं झाल्यावर पायांत वळवळ, पाय हलवल्यावरच बरं वाटणं: पायांची अस्वस्थता. यात रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा घटक) तपासून घ्यावं. ते ७५ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. तिसरा प्रकार ओळखायची सोपी खूण: दोन आठवड्यांची रजा किंवा सलग पहिली पाळी मिळाली, रात्री सात-आठ तास झोप झाली, तरी दिवसा पेंग जात नाही.

एपवर्थ मापक (दिवसा किती पेंग येते ते मोजणारी प्रश्नावली) पानावर छापा. आठ प्रसंग असतात: वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर वगैरे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं की डॉक्टरकडे. पण हे गुण एकटे कधीच वापरू नका. नोकरी जाईल या भीतीनं माणूस सगळीकडे शून्य भरतो.

अनुजा_आयसीयू

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. नोंदवहीबद्दल थोडं. फोनच्या ॲपपेक्षा कागद बरा, आणि रकाने पाचच ठेवा: अंथरुणावर कधी, अंदाजे झोप कधी लागली, शेवटची जाग कधी, मधल्या जागा किती, शेवटचा चहा किंवा तंबाखू कधी. नोंद उठल्यावर लगेच भरायची, अंथरुणात घड्याळ बघायचं नाही. घड्याळ बघायची सवय लागली की झोप आणखी पळते.

तारीख मात्र मध्यरात्रीला बदलू नका. दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा एक दिवस धरला तर दुपारी घेतलेली डुलकी आणि नंतरची पाळी एकाच ओळीत येतात आणि चित्र लगेच दिसतं. हॉस्पिटलमध्ये रात्री ८ ते सकाळी ८ ची नाईट असते तिथेही हीच पद्धत सोयीची.

फुलपात्र

पाच रकान्यांतला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. तिसऱ्या पाळीत चहा साधारण एक, तीन आणि साडेपाचला फिरतो. साडेपाचचा चहा बंद करा, अर्धी लढाई तिथेच जिंकाल.

कॅन्टीन_कट्टा

साडेपाचचा बंद केला तर पहाटे माणसं उभी कशाच्या जोरावर राहणार? बोलायला सोपं आहे.

फुलपात्र

@कॅन्टीन_कट्टा, प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशोबच मांडतो. कॅफीन रक्तात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना सात. साडेपाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन साडेदहाला अंगात असतं, म्हणजे झोपेच्या ऐन मध्यावर. कटिंगमध्ये ते २०-३० मिलिग्रॅमच, पण तिथे कुणी एकच कटिंग घेत नाही. इन्स्टंट कॉफीच्या कपात त्याच्या दुप्पट-तिप्पट.

त्यामुळे कॅफीन पाळीच्या पहिल्या भागात आणि थोडं थोडं घ्यायचं: साडेबारा, दोन आणि फार तर तीन. झोपायच्या सहा तास आधी बंद. पहाटेसाठी डुलकी, थंड पाणी, उजेड आणि हालचाल. कॅन्टीनवाल्याला सांगून पाच वाजता चहाऐवजी लिंबूपाणी किंवा ताक फिरवता येतं. लोकांना खरं तर कामावरून उठायचं निमित्त हवं असतं, ते तसंच राहतं.

आणि तंबाखू विसरू नका. निकोटिन झोप उडवतं. पाळी सुटल्यावर गेटबाहेर मळलेली तंबाखू आणि झोपायच्या आधी लावलेली मिश्री, दोन्ही झोपेच्या विरोधात जातात.

औषधी_दुकान

आता गोळ्यांबद्दल, कारण रातपाळीवाले सर्वात आधी आमच्या काउंटरवर येतात.

सर्दीची गोळी झोपेसाठी घेणं हा सर्रास चालणारा प्रकार. त्यातलं क्लोरफेनिरामिन रक्तात निम्मं व्हायलाच २० तासांच्या आसपास लागतात. सकाळी नऊला घेतलेली गोळी त्या रात्री प्रेसवर उभं असतानाही काम करत असते. आणि माणसाला वाटतं, झोप चांगली झाली.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या झोपेसाठी मागितल्या जाणाऱ्या गोळ्या: दोन्ही औषध नियमांच्या शेड्यूल एच-वन या यादीत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. "मित्राची चिठ्ठी आहे" चालत नाही. सवय लागते, अचानक बंद केल्यावर झोप आधीपेक्षा वाईट होते, आणि ॲप्निया असलेल्याला अल्प्राझोलामसारख्या गोळीनं श्वासाचा त्रास वाढू शकतो.

मेलाटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी): फायदा माफक. अर्धा ते तीन मिलिग्रॅम, दिवसा झोपायच्या अर्धा तास आधी, घरी पोचल्यावर. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर घेतो म्हणणारे भेटतात, आणि बस थांब्यापासून पुढे त्यांना बाइक चालवायची असते. तसं कदापि करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा.

दारू: झोप लवकर लागते, पण दुसऱ्या अर्ध्या भागात तुटत राहते आणि घोरणं वाढतं. सकाळी साडेआठचा "क्वार्टर" हा झोपेचा उपाय नव्हे.

आल्हाद

मोडाफिनिलचं काय? परदेशात रातपाळीसाठीच देतात असं वाचलं.

औषधी_दुकान

अमेरिकेत पाळीजन्य निद्राविकारासाठी त्याला मान्यता आहे, बरोबर. पण त्यानं पेंग कमी होते, झोपेची गरज कमी होत नाही. अंगावर पुरळ उठलं तर लगेच बंद करून डॉक्टरकडे. स्त्रियांसाठी महत्त्वाचं: गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्यानं घटतो, मोडाफिनिल थांबवल्यावरही महिनाभर. त्यामुळे निदान झाल्याशिवाय आणि चिठ्ठीशिवाय नाही.

मीटरगेज

पहाटे ३ ते ५ या दोन तासांवर पानात वेगळी चौकट द्या. शरीराचं तापमान तेव्हा सर्वात खाली असतं आणि सूक्ष्म झोप, म्हणजे काही सेकंदांची झोप, तेव्हाच येते. डोळे उघडे असतानाही ती येऊ शकते, म्हणून शेजारच्याला कळत नाही आणि स्वतःलाही कळत नाही.

तिच्या खुणा: एकच गेज दोनदा वाचावा लागणं, गेल्या पाच मिनिटांत काय केलं ते न आठवणं, मान खाली जाऊन झटक्यानं वर येणं, बोललेलं वाक्य अर्धवट सुटणं. यातली एक जरी दिसली तरी मशीन सोडायचं.

रेल्वे इंजिनात यासाठी सतर्कता यंत्र असतं. साधारण मिनिटभर चालकानं काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा, मग भोंगा, मग आपोआप ब्रेक. पण त्याचीही मर्यादा आहे: सवयीनं बटण दाबणं अर्धवट झोपेतही जमतं. म्हणून यंत्रावर विसंबून विश्रांती कमी करता येत नाही. प्रेसवरच्या दोन हातांच्या बटणांनाही हेच लागू. बोटं वाचतात, पण डायमध्ये (साच्यात) तिरका बसलेला पत्रा दिसत नाही.

काळवीट

जगातले काही मोठे अपघात रात्रीच झालेत. थ्री माईल आयलंड (अमेरिकेतलं अणुवीज केंद्र) २८ मार्च १९७९, पहाटे चार. चेर्नोबिल २६ एप्रिल १९८६, रात्री १.२३. भोपाळ २-३ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र. पानावर हे टाकलंत तर लोक गांभीर्यानं घेतील.

रसायनी

@काळवीट, भोपाळ त्या यादीत घालू नका, कळकळीची विनंती. तिथे एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट, गळती झालेलं विषारी रसायन) थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती, गळलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता, वायू धुऊन निकामी करणारा स्क्रबर सज्ज नव्हता. ते व्यवस्थापनाचे निर्णय होते. "रात्रीचे कामगार पेंगले" अशा सुरात ती घटना सांगितली की दोष चुकीच्या माणसांवर जातो, आणि नोटीस बोर्डवर कामगार ते वाचणार आहेत.

त्यातून घ्यायचं ते वेगळं आहे: रात्री माणसाची सावधगिरी कमी असणार हे गृहीत धरून यंत्रणा रात्री जास्त मजबूत हवी. ३ ते ५ मध्ये टाकी बदलणं, लॉकआउट (बंद मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) काढणं, नवा डाय बसवणं, पेंटचं मिश्रण बदलणं ही कामं ठेवू नका. ठेवावीच लागली तर दोघांनी मोठ्यानं वाचून ताळा करायचा.

काळवीट

मुद्दा मान्य. भोपाळ मागे घेतो.

हिंजवडी_रात्र

कायमस्वरूपी रात्र असलेल्यांसाठी थोडं वेगळं लिहितो, नाहीतर आयटीतली मंडळी प्रेस शॉपचं वेळापत्रक उचलतील. अमेरिकी वेळेची पाळी संध्याकाळी ६.३० ते पहाटे ३.३० असेल तर ती मुळात सुसह्य आहे. ४.३० ला झोपून १२ ला उठायचं, आणि सुट्टीच्या दिवशीही तेच. ते जमलं नाही तर झोपेचे निदान चार तास तरी रोज सामाईक राहायला हवेत, समजा पहाटे ५ ते ९. शनिवार-रविवारी रात्री ११ ला झोपून सकाळी ७ ला उठणारा माणूस दर आठवड्याला पुण्यात बसून परदेशवारी करतो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात. न्यू यॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे, हिवाळ्यात ७.३०, उन्हाळ्यात ६.३०. म्हणजे मार्चमध्ये पाळी एक तास अलीकडे येते, आणि झोप अलीकडे ओढणं शरीराला जड जातं. त्या आठवड्याच्या आधीपासून रोज १५-२० मिनिटं लवकर झोपायला सुरुवात करा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलटं होतं, तेव्हा फारसा त्रास नसतो.

शॉपफ्लोअर

उपयुक्त, पण आमच्याकडे पाळी आठवड्याला बदलते. तिथे घड्याळ पूर्ण फिरवायचा प्रयत्न करावा का?

निद्राकक्ष

नाही. घड्याळ दिवसाला फार तर तासभर सरकतं. सहा रात्रींत ते अर्ध्या वाटेवर पोचतं आणि तेवढ्यात पाळी बदलते. त्यामुळे पूर्ण फिरवण्यापेक्षा झोपेचे तास वाचवणं आणि पहाट सुरक्षित पार पाडणं एवढंच ध्येय ठेवा.

*पहिली रात्र.* सर्वात धोक्याची हीच. माणूस सकाळी सातला उठलेला असतो, दिवसभर कामं करतो आणि रात्री बाराला मशीनवर उभा राहतो. म्हणजे पाळी सुरू होतानाच तो १७ तास जागा आहे. १७ तास जागरणानंतर प्रतिक्रियेचा वेग रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतका मंदावतो असं मोजलेलं आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ३० ची आहे. पाळी सुटताना तो २४ तास जागा असतो, तेव्हाची तुलना १०० च्या आसपास जाते. त्यामुळे त्या दिवशी सकाळी शक्य तितकं उशिरा उठायचं आणि संध्याकाळी ७.३० ते ९ अशी दीड तासाची झोप अंधारात, गजर लावून घ्यायची. झोप लागली नाही तरी पडून राहायचं.

*पाळीत.* २ ते ३.३० च्या दरम्यान २० मिनिटांची डुलकी. गजर २५ मिनिटांचा. त्यापुढे गेलं की झोप गाढ होते आणि उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास डोकं चालत नाही. उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं मशीन नाही, फोर्कलिफ्ट तर नाहीच. डुलकीआधी अर्धा कप चहा घेतला तर तो उठायच्या सुमारास लागू पडतो.

*शेवटच्या पाळीनंतर.* दिवसभर झोपू नका. सकाळी दीड ते तीन तास, मग उठून उन्हात फिरा, आणि रात्री ९.३०-१० ला झोपा.

उजेडाचंही लिहितो. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात भरपूर उजेड चांगला. सकाळचं ऊन मात्र घड्याळाला पुन्हा दिवसाकडे खेचतं आणि साडेआठची झोप कठीण करतं. बसनं जाणाऱ्यांनी गडद गॉगल लावावा. स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी लावू नये, पेंग वाढते.

पत्र्याचीखोली

वर "अंधारी, थंड, शांत खोली" असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. चाकण-भोसरीला चार जणांत एक खोली, वर पत्रा, दाराला लागून जिना. तिथे काय करता येतं ते क्रमानं सांगतो.

उजेड: खिडकीच्या काचेवर आतून पाणी शिंपडून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवायचं, चमकदार बाजू बाहेर. पाण्यानंच चिकटतं, घरमालकाची काच खराब होत नाही. कडा कागदी टेपनं बंद. दाराखालच्या फटीत जुन्या लुंगीची गुंडाळी. हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं मोजता आली, तर अजून उजेड जास्त आहे.

उष्णता: पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात, एप्रिलच्या आधी. आत पत्र्याखाली थर्माकोल लावू नका, आग लागली तर ते पेटतं. जिप्समची शीट बांधून मध्ये हवेला वाट ठेवा. झोपायच्या आधी कोमट पाण्यानं अंघोळ, ओला पंचा मानेवर, पंखा पायांकडून. विदर्भ-मराठवाड्याकडे कूलर चालतो, पुण्यातही उन्हाळ्यात चालतो. पावसाळ्यात दमट हवेत तो उलटा त्रास देतो.

आवाज: फोमचे इअरप्लग कारखान्यातच मिळतात, पण बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात. स्वच्छ, कोरड्या बोटांनी वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवा, आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटानं दाबून धरा. आपला आवाज आपल्याला घुमल्यासारखा ऐकू आला तर बसला. कामावर वापरलेला धुळकट प्लग घरी वापरू नका, कान दुखेल.

फोन बंद करायचा नाही, "व्यत्यय नको" वर ठेवून घरचे दोन नंबर आणि पुन्हा पुन्हा येणारा कॉल एवढेच चालू ठेवायचे. माणूस फोन बंद करून निर्धास्त झोपत नाही, गावाकडे काही झालं तर या काळजीनं जागा होतो.

कुंदा_४

कुकरच्या शिट्टीवर उपाय सांगा! आमच्या मजल्यावर अकरा वाजता सात कुकर एका सुरात वाजतात. :)

पत्र्याचीखोली

पंखा मोठ्या वेगावर. त्याचा सलग आवाज मधला अचानक आवाज बुजवतो. अचानक आणि तुटक आवाजच जाग आणतो, सलग आवाजाची सवय होते.

उंबरठा

बायकांबद्दल एकाही प्रतिसादात वेगळं आलं नाही (गर्भनिरोधक गोळीचा अपवाद). रात्रपाळीची नर्स किंवा असेंब्ली लाइनवरची बाई सकाळी घरी येते तेव्हा तिची पहिली पाळी सुरू होते: डबे, शाळा, सासूबाईंचं औषध, पाणी भरणं. तिला "सलग सात तास झोपा" सांगणं म्हणजे न सांगण्यासारखं.

तिथे दोन तुकड्यांची झोप ठरवून घ्यावी: ९ ते १.३० एक तुकडा आणि संध्याकाळी ८ ते १० दुसरा. पहिला तुकडा रोज त्याच वेळी. दुपारी मुलं घरी आली की उठायचंच, हे आधीच मान्य करावं, नाहीतर चिडचिड होते आणि झोपही होत नाही. डबे रात्री निघण्यापूर्वी भरायचे. सकाळचं पाणी आणि शाळा हे काम नवऱ्याचं किंवा दुसऱ्या कुणाचं, हे घरात बोलून ठरायला हवं. पान "घरी नेता येईल" असं हवं म्हणता ना, तर त्यात घरच्यांसाठी चार ओळी टाका. दिवसाची झोप हा आळस नाही, ती रात्रीच्या पगाराचाच भाग आहे, हे सासरच्यांना कंपनीच्या कागदावर वाचायला मिळालं तर फरक पडतो.

गरोदरपणात रातपाळी बदलून मागायला संकोच करू नका. डॉक्टरचं लेखी पत्र द्या.

पाळीप्रमुख

मूळ दुखणं वेळापत्रकात आहे, त्यावर कुणी बोलेना. पाळी पुढे सरकायला हवी: पहिली, मग दुसरी, मग तिसरी. माणसाचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं सोपं, लवकर झोपणं कठीण. उलट्या क्रमानं चालणारे कारखाने माणसांचे हाल करतात.

रसायनी

तत्त्व बरोबर, पण शॉपफ्लोअर यांच्या गुरुवारच्या सुट्टीत ते मांडून बघा. पुढच्या क्रमात पहिलीवरून दुसरीला जाताना बुधवार ३.३० ते शुक्रवार ३.३०, म्हणजे ४८ तास मिळतात. दुसरीवरून तिसरीला जातानाही ४८. पण तिसरीवाला गुरुवारी सकाळी ७ ला सुटतो आणि शुक्रवारी सकाळी ७ ला पहिलीवर हजर. फक्त २४ तास, आणि त्यात एकच रात्र! उलट्या क्रमात तोच माणूस तिसरीवरून दुसरीला जातो आणि त्याला साडेबत्तीस तास मिळतात. मात्र दुसरीवरून पहिलीला जाणाऱ्याला ३१ च.

कायद्यानं २४ तास पुरतात. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५७ मध्ये रातपाळीवाल्याची सुट्टी पाळी संपल्यापासून सलग २४ तास अशीच मोजली आहे. (आता हा कायदा नव्या संहितेत सामावला गेला आहे, तेव्हा कलमाचा आजचा क्रमांक एचआरकडून बघून घ्या.) शरीराला मात्र तेवढे पुरत नाहीत.

पाळीप्रमुख

हिशोब पटला. तरी क्रम पुढचाच ठेवून बुधवारची तिसरी पाळी वगळता येते. पेंट शॉपला आठवड्यातून एकदा बूथची साफसफाई आणि फिल्टर बदलणं असतंच. ते त्या रात्री छोट्या वेगळ्या गटाकडे द्या. मग मुख्य गट बुधवारी सकाळी ७ ला सुटून शुक्रवारी ७ ला येतो, ४८ तास पूर्ण.

चार गट परवडत असतील तर २-२-२ उत्तम: दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्री, दोन सुट्ट्या. आठ दिवसांत ४८ तास, म्हणजे आठवड्याला सरासरी ४२. दोनच रात्री असल्यानं घड्याळ हलतच नाही. पण सामाईक गुरुवार जातो आणि लोकांना तो हवा असतो, त्यामुळे मतदान घेतल्याशिवाय लादू नका.

साखरतपासणी

कारखान्याच्या वार्षिक तपासणीतली एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळे आजार नसलेल्याला आजारी ठरवलं जातं. तिसऱ्या पाळीवाल्याचं रक्त सकाळी ७.१५ ला "उपाशीपोटी" म्हणून घेतात. त्यानं अडीचला डबा खाल्लेला असतो. उपाशी साखरेला निदान आठ तास लागतात. शिवाय जागरणानं साखर वाढतेही. ही तपासणी सुट्टीनंतर पहिल्या पाळीच्या आठवड्यात करा, किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करा. त्याला उपास लागत नाही.

२४ तासांच्या रक्तदाब यंत्रात "रात्र" ही साधारण रात्री १० ते ६ धरलेली असते. रातपाळीवाल्यानं झोपल्याची आणि उठल्याची खरी वेळ लिहून द्यावी, नाहीतर अहवाल चुकीचा वाचला जातो. स्लीप स्टडीही त्याच्या झोपेच्या वेळी, म्हणजे दिवसा करून मागावी. आणि सीपॅप मशीन (ॲप्नियात झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) मिळालं तर ते दिवसाच्या झोपेतही लावायचं. "दिवसा काय लावायचं" म्हणून कपाटात ठेवणारे पुष्कळ.

मधुमेहींनी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची वेळ स्वतःच्या मनानं सरकवू नये. गोळी सकाळी घेऊन न जेवता झोपलं तर साखर झोपेतच खाली जाते. पाळीचं वेळापत्रक डॉक्टरसमोर ठेवून दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहून घ्या, एक दिवसपाळीची, एक रातपाळीची. थायरॉइडची गोळी दुपारी उठल्यावर, उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा ते एक तास.

जेवण: मुख्य जेवण निघण्यापूर्वी, रात्री १० च्या सुमारास. १२ ते ५ मध्ये हलकं: भाजलेले शेंगदाणे-चणे, दही-पोहे, उकडलेलं अंडं, केळं. मिसळ आणि वडापाव पहाटे तीनला नको. घरी आल्यावर अर्धी भाकरी-भाजी खाऊन झोपा, उपाशी झोपलं की अकराला भूक उठवते.

शॉपफ्लोअर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. पान दोन बाजूंचं करतो: पुढे पहिली रात्र, डुलकी, चहा, पहाटे ३ ते ५ आणि डॉक्टरकडे कधी. मागे घरच्यांसाठी. बुधवारच्या रात्रीचा प्रस्ताव वर पाठवतो.

एक राहिलं. कंत्राटी मुलं दुसरी संपवून तिसरी "डबल" मारतात आणि सकाळी सातला बाइकवर तीस-चाळीस किलोमीटर गावी जातात. त्यांच्यासाठी काय लिहू?

मीटरगेज

त्यांच्यासाठी लिहू नका, कंत्राटदाराला आणि पर्यवेक्षकाला लिहा. रिलिव्हर (पुढच्या पाळीचा बदली माणूस) आला नाही म्हणून मुलगा थांबतो, त्याच्या हातात निर्णय नसतो. सलग दोन पाळ्या झालेल्याला पंच आउटनंतर बाइकची किल्ली लगेच नाही. विश्रांती खोलीत २० मिनिटं झोप, चहा, मग पंधरा मिनिटांनी निघणं, किंवा कंपनीच्या बसमध्ये जागा. बाइक कंपनीच्या पार्किंगमध्येच राहू द्या, सुरक्षारक्षकाला तशी लेखी सूचना हवी.

ताशी ६० ला तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ५० मीटर रस्ता डोळे मिटून. हेल्मेटची काच उघडून वारा घेणं, गाणी, चुइंगम यांनी काही मिनिटं तरतरी वाटते, मग पेंग परत येते. वाटेत दोनदा जांभई आली किंवा गेलेला फाटा आठवत नसेल तर पेट्रोल पंपावर थांबून वीस मिनिटं झोपायचं.

कंत्राट_कामगार

खोलीची किल्ली कुणाकडे असते तेही लिहा. विश्रांती खोली बहुतेक ठिकाणी असते, पण सकाळी सातला तिला कुलूप असतं, कारण प्रशासनाचा माणूस नऊला येतो.

शॉपफ्लोअर

किल्ली गेटवर ठेवायची व्यवस्था करतो. सुरक्षारक्षकाच्या सूचनेतच ते घालतो.